सकाळी पांढरा, चढावर काळा धूर: पंप उतरवण्याआधी काय तपासावे?

चौथागिअर
गाडी जुनी आहे: ४ सिलिंडर, २.५ लिटर टर्बो डिझेल, मेकॅनिकल रोटरी पंप (नोझलांकडे दाबाने डिझेल पाठवणारा). २ लाख ८० हजार किमी झालेत. थंड इंजिन चालू केले की ३-४ मिनिटे पांढरट धूर येतो, डोळे झोंबतात आणि इंजिन थरथरते. गरम झाल्यावर तो धूर जातो, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबले की मागे काळा ढग. कूलंट कमी होत नाही. १०,००० किमीत ऑइल अर्धा लिटरही लागत नाही. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे आहेत. पंप आणि चारही नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) ओव्हरहॉल करा, असा सल्ला मिळाला आहे. त्याआधी घरी काय काय तपासता येईल, आणि कोणत्या क्रमाने?

पंपबेंच
पंपाला अजून हात लावू नका. ऑइल आणि कूलंटची माहिती दिलीत ते बरे झाले, त्यामुळे रिंगा, व्हॉल्व्ह सील आणि हेड गॅस्केट तूर्त बाजूला ठेवता येतात. डोळे झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. पाण्याची वाफ डोळ्यांना झोंबत नाही.

सुरुवात हीटर प्लगपासून करा, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगपासून. चारही प्लग जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. चांगला १२ व्होल्टचा प्लग साधारण ०.५ ते २ ओहम दाखवतो. मेलेला प्लग सर्किट उघडे, म्हणजे तुटलेले, दाखवतो. एकच प्लग गेला असेल, तरी तो सिलिंडर तापेपर्यंत इंजिन थरथरते.

मग थंड इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करा. चष्मा लावा, नटवर चिंधी धरा, एक्झॉस्टवर डिझेल उडू देऊ नका. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की आरपीएम पडतो. ज्याचा सैल करूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याच वेळी कुणाला तरी सायलेन्सरकडे उभे करा. एखादा नट सैल केल्यावर धूरच थांबला, तर धूर करणारा सिलिंडर तोच.

त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्यात बसवा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब). नोझल काढले की खालचा तांब्याचा वॉशर नवाच घाला. जुना चेपलेला असतो, पुन्हा बसवला तर तिथून कॉम्प्रेशन निसटते.

सैलनट
नट सैल करण्याची युक्ती फक्त मेकॅनिकल पंपासाठी आहे, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा. कॉमन रेल इंजिनात (एकाच नळीत डिझेल सतत उच्च दाबाने साठवणाऱ्या) कधीही करू नका. तिथे दाब १,००० बारच्या वर जातो, डिझेलची बारीक धार कातडीत शिरते आणि बोट कापावे लागू शकते. त्या गाड्यांत इंजेक्टरच्या रिटर्नचे डिझेल बाटल्यांत गोळा करून तुलना करतात.

टर्बोनळी
काळ्या धुराचे गणित वेगळे आहे. डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा डिझेल बारीक उडत नाही. चढावरच येतो म्हणजे आधी हवेची बाजू बघा. टर्बोपासून (हवा दाबून भरणारा पंखा) इनटेकपर्यंतचे (हवा इंजिनात शिरते ती जागा) सगळे रबरी होज हाताने दाबून बघा, विशेषतः क्लिपखाली आणि वळणाच्या आतल्या बाजूला. ऑइलचा ओला डाग दिसला तर तिथे फट आहे. ईजीआर (धुराचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी काढून तोंड बंद करा आणि त्याच चढावर जा. धूर घटला तर व्हॉल्व्ह चालतो, पण चुकीच्या वेळी उघडतो. काहीच फरक नसेल तर व्हॉल्व्ह उतरवून बघा, काजळीने उघडा अडकलेला असू शकतो.

टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे जवळजवळ नसावा. पाती घराला घासत असतील तर टर्बो उतरवावाच लागेल.

पंपावर बूस्टची डबी (टर्बोचा दाब वाढला की डिझेल वाढवणारी) असेल तर तिची बारीक नळीही बघा. ती फाटली की उलटे होते: डिझेल वाढतच नाही, गाडी ओढत नाही, धूर मात्र कमीच असतो. म्हणून ओढ चांगली असून धूर येत असेल, तर आधी कुणी फुल-लोड स्क्रू (पंपाचे जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) आत फिरवला आहे का ते पाहा. तो पाव फेरा फिरला तरी फरक दिसतो.

चौथागिअर
प्लग मोजले. १, २, ४ ला ०.८ ते १ ओहम, ३ नंबर पूर्ण उघडा. थंड असताना ३ चा नट सैल केला तर आरपीएम हलत नाही, पण पांढरा धूर थांबतो. गरम झाल्यावर मात्र आरपीएम पडतो. होज कोरडे आहेत. ईजीआर नाही. स्क्रूचे सील शाबूत. ओढ पूर्वीपेक्षा थोडी कमी.

पंपबेंच
३ चा प्लग बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. प्लगमुळे चढावर काळा धूर येत नाही. प्लग काढलाच आहे तर त्याच भोकातून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पंपाच्या सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) तार काढलेली, बॅटरी पूर्ण चार्ज. अशा इंजिनात २५ ते ३० बार चांगले. २० च्या खाली गेले की थंडीत पेटायला त्रास होतो. सिलिंडरांत ५ बारपेक्षा जास्त फरक नको.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर चारही नोझल टेस्टरवर (हाताने दाब देऊन फवारा तपासायचे यंत्र) लावा. उघडण्याच्या दाबाच्या १०-२० बार आधी धरून ठेवा, १० सेकंदांत टोकाला थेंब लोंबता कामा नये. गळके नोझल थंडीत पांढरा आणि लोडवर काळा, दोन्ही धूर देते. चारही नोझल निर्दोष निघाले तर पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडलेले असू शकते. चेन किंवा बेल्ट सैल झाला की असे होते. त्याचीही लक्षणे हीच. पंपाच्या मागच्या प्लगमध्ये डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) लावून टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर असताना) प्लंजरची (पंपातला डिझेल दाबणारा दांडा) उचल मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवा. तो जुळला आणि तरीही धूर राहिला, तरच पंप बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) पाठवा.