गुडघेदुखी आणि ॲक्युपंक्चर: सुई टोचल्यावर नक्की होतं काय?

मृणाल_सांगली
आईचा उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी. एक्स-रेत झीज दिसते. डॉक्टर म्हणतात, बदलायची वेळ अजून आलेली नाही, व्यायाम करा, वजन उतरवा. शेजारच्या काकूंनी ॲक्युपंक्चरचं नाव काढलं म्हणून एके ठिकाणी चौकशीला गेलो. तिथे सांगितलं, पोटाच्या मेरिडियनमध्ये (म्हणजे मार्गात) 'ची' (म्हणजे प्राणशक्ती) अडली आहे, पंधरा वेळा यावं लागेल, आणि गोळ्या सगळ्या आजपासून बंद. हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, सगळा मनाचा खेळ. गुडघ्याचा पोटाशी काय संबंध ते मला कळलं नाही. आणि नुसता मनाचा खेळ असेल, तर काकू आता मंडईत चालत कशा जातात, तेही कळलं नाही. कोणी नीट समजावेल का? आईला बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे.

भीमाकाठ
ताई, बिनधास्त जा. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनीच ही विद्या चीनमधून आणली.

सुईदोरा
ताई, आधी महत्त्वाचं. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि बीपीची गोळी, दोन्ही चालूच ठेवा. सुया टोचणाऱ्याच्या सांगण्यावरून त्या बंद करणं धोक्याचं आहे. ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारा.

मी एमबीबीएस चीनमध्ये केलं. आम्हा परदेशी मुलांना चिनी वैद्यकाचा एक विषय होता. पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी माझ्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सुई घातली. त्या बिंदूला हेगू म्हणतात. सुई पाव मिलिमीटर जाडीची, भरीव. टोचल्याचं जेमतेम कळलं. मग त्यांनी ती चिमटीत धरून हलकेच फिरवली आणि एक जड, बोथट कळ मनगटाकडे सरकली. सर विचारत होते, "स्वान?" स्वान म्हणजे आंबट. मी गोंधळलो. मग लक्षात आलं, दिवसभर चालून आल्यावर आपणही 'पाय आंबले' म्हणतोच की! तीच जाणीव होती. तिला ते 'द ची' म्हणतात, म्हणजे ची आली. ती आली नाही तर सुई नीट बसली नाही, असं सर बजावायचे. त्याच वेळी टोचणाऱ्याच्या बोटांना सुई आतून धरल्यासारखी लागते. जुने चिनी वैद्य याला गळाला मासा लागल्याची उपमा देत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फिरवलेल्या सुईभोवती त्वचेखालचे तंतू खरोखर गुंडाळले जातात.

आता पोटाचं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात बारा मुख्य मार्ग आहेत, आणि त्यांतून ची वाहते असं मानलं आहे. पोटाच्या नावाचा मार्ग डोळ्याखालून निघतो आणि छाती, पोट, मांडी, गुडघा करत पायाच्या दुसऱ्या बोटाला पोचतो. वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला जो खळगा असतो, तिथल्या बिंदूचं नाव 'दूबी', म्हणजे वासराचं नाक. आईंचा गुडघा वाकवून बघा, नाव का पडलं ते कळेल. त्याच्या चार बोटं खाली 'झूसानली'. म्हणजे आईंच्या पोटात बिघाड आहे असं कोणी म्हणत नाहीये, हा मार्गाचा पत्ता आहे. त्यांचं सूत्र असं, की वाहतं तिथे दुखत नाही, दुखतं तिथे वाहत नाही. सांधे धरण्याला ते वारा, गारठा आणि ओल जबाबदार धरतात. आपल्या आज्या पावसाळ्यात हेच सांगायच्या.

शवविच्छेदनात मात्र असा मार्ग कोणालाही सापडलेला नाही. सुईखाली सापडतात त्या नसा, स्नायू आणि तंतू. सुईचा संदेश नसेतून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो, आणि मेंदू वेदना दाबणारी स्वतःची रसायनं सोडतो. अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं तर सुईने आलेला आराम ओसरतो, असं १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. २०१० मध्ये उंदरांच्या झूसानलीत सुई फिरवल्यावर तिथेच ॲडेनोसिन वाढलेलं आढळलं, तेही वेदना शमवतं. म्हणून 'नुसता मनाचा खेळ' हे मला पटत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. २००६ मध्ये जर्मनीतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, गुडघेदुखीच्याच हजारावर रुग्णांची. एका गटाला चिनी पद्धतीने नेमक्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर. तिसऱ्याला सुयाच नाहीत. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले पहिल्या गटात ५३ टक्के, दुसऱ्यात ५१ आणि तिसऱ्यात २९. म्हणजे सुया टोचून घेणाऱ्यांना आराम पडला, पण नेमक्या बिंदूचा वाटा फारच थोडा निघाला. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय, स्वस्थ पडून राहायला मिळतंय, बरं वाटेल ही आशा, हे सगळं त्या आरामात आलं. माझ्या सरांच्या हातावर माझी श्रद्धा आहे, तरी हे आकडे मी नाकारू शकत नाही. तज्ज्ञही एकमताचे नाहीत. गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली, तर ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये देऊ नका म्हटलं.

झिजलेली कूर्चा सुईने परत येत नाही. दुखणं काही काळ कमी झालं तर तेवढ्यात मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून घेता येतात, आणि गुडघ्याला खरा आधार तोच. मी सुया टोचतो ते याचसाठी.

भीमाकाठ दादा, डॉ. कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पथकातलेच डॉ. बिजय बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं. मीही सोलापूरचाच, म्हणून सांगावंसं वाटलं.

भीमाकाठ
चूक झाली डॉक्टर. लहानपणापासून तसंच ऐकत आलो होतो.

मृणाल_सांगली
किती सविस्तर लिहिलंत! आईला वासराचं नाक दाखवलं, हसली. रक्त पातळ असताना सुया चालतात का? आणि पंधरा वेळा जायलाच हवं का?

सुईदोरा
चालतात, पण टोचणाऱ्याला आधी सांगा. सुई काढल्यावर कापसाने जरा जास्त वेळ दाबून धरावं लागतं, थोडं काळंनिळं होऊ शकतं. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडू दे आणि वापरलेली सुई डब्यात टाकू दे. गुडघ्यासाठी जाताय, तर छातीवर किंवा खांद्याच्या माथ्यावर सुया घेऊ नका, तिथे खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते. पंधराचे पैसे एकदम भरू नका. पाच-सहा वेळा जाऊन बघा, आणि जिन्याच्या किती पायऱ्या कठडा न धरता उतरता आल्या ते आईंना रोज कॅलेंडरवर लिहायला सांगा. आकडा हलला नाही तर थांबा.

मृणाल_सांगली
आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. आज तीन लिहिल्यात.