लढाऊ विमानांचे गेम : तुम्ही पहिल्यांदा कुठे कोसळलात?

रत्नागिरीत धो-धो पाऊस, लाईट येऊन-जाऊन, पत्ते खेळून कंटाळा आलाय. म्हणून हा धागा. फायटर विमान उडवायचे गेम ज्यांनी खेळलेत, टीव्हीला जोडून, सायबर कॅफेत नाहीतर मोबाईलवर, त्यांनी लिहा. किती विमानं पाडलीत ते नको, ते सगळेच फुगवून सांगतात. स्वतः कसे पडलात ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. गणपतीला मुंबईहून आतेभाऊ यायचा, त्याच्या बॅगेत पिवळी कॅसेट. १९८७ सालचा, अमेरिकन नौदलाच्या विमानाचा आठ बिटी गेम. लढाई जमायची. खरी परीक्षा शेवटी, विमानवाहू जहाजावर उतरताना. वेग २८८, उंची २००, हे आकडे आतेभावाने आरत्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. वर जायचं तर बटण खालचं दाबायचं, हे माझ्या हाताला कधी पटलंच नाही. घाबरलो की वरचं दाबायचो आणि विमान थेट पाण्यात. आजी दर वेळी विचारायची, "माणूस वाचला का रे?"

मालवणहून
मालवणीत लिवतंय, चलवून घेवा. तोफेन विमान पाडूचा माका अजिबात जमा नाय. विमान दिसा थंय गोळ्यो मारी, तवसर ता फुडे गेलेला. काको मागे जाळा शिवत बसलेलो. म्हणालो, "मासो आसा थंय पाग टाकतत काय रे? खंय जातलो थंय टाक." दुसऱ्या दिसाक तीन पाडलंय. काकान पडद्याकडे एकदाय बघूक नाय.

हर्णैहून
आमच्याकडे विमान पडत नाही, नेट पडतं. मी नेम धरतो, चित्र थिजतं, हलतं तेव्हा मीच मेलेला असतो. पुढचा लिहा.

श्रीवर्धनहून
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पत्रे उडाले, सुपारीची बाग आडवी झाली. प्लेस्टेशन गादीत गुंडाळून ठेवलं होतं म्हणून वाचलं. वीज किती आठवड्यांनी आली, ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. आली त्या रात्री 'एस कॉम्बॅट ७' लावला. या गेममधले ढग नुसते शोभेचे नाहीत. आत शिरलात तर मागे लागलेल्या क्षेपणास्त्राला चुकवणं सोपं जातं, पण रेंगाळलात तर विमानावर बर्फ धरतं आणि ते हाताला जड लागतं. विजेचा झटका बसला की समोरची मापं बिघडतात. मी ढगात शिरलो, वीज कडाडली, विमान हेलपाटलं. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "बंद कर ते आधी." पुढे सहा महिने ते मिशन तसंच पडून होतं.

गुहागरहून
मी 'डीसीएस वर्ल्ड'वाला, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं विमान उडवायचा गेम. याला गेम म्हणावं की बिनपगारी नोकरी, माहीत नाही. सुखोई-२५टी फुकट मिळतं, म्हणून शिरलो. ते जमिनीवर मारा करणारं विमान, हवेतल्या लढाईला जड. मग एफ-१८ विकत घेतलं. इंजिन चालू करायलाच पहिले दोन रविवार गेले. रत्नागिरीकर, जहाजावर उतरणं इथे अजून उलटं आहे. चाकं टेकली की थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) मागे घ्यायचा नाही, पूर्ण पुढे ढकलायचा, कारण विमानाच्या शेपटीचा हूक जहाजावर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला नाही तर तसंच परत उडायचं असतं. आपला हात मात्र आपोआप ब्रेक शोधतो. मी असा अकरा वेळा समुद्रात गेलो.

पण बहुतेक वेळा पडलो ते शत्रूमुळे नाही, पाण्यामुळे. समुद्रावर उंचीचा अंदाज येत नाही. तिन्हीसांजेला वारा पडला की आपल्या बंदरावरूनसुद्धा पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, तसंच. नजरेवर विसंबलात की गेलात, रडारचा उंचीमापक बघत राहायचं.

आणि खारी हवा! जॉयस्टिकचे आतले संपर्क दीड वर्षात गंजले, हात न लावता विमान डावीकडे कलंडायचं. विकणाऱ्याने खांदे उडवले. आता चुंबकावर चालणारी, हॉल सेन्सरवाली घेतलीय, आत काही घासतच नाही.

वेंगुर्ल्याहून
मी खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. हवाई दलाचा स्वतःचा मोबाईल गेम आहे ना, २०१९ मध्ये आलेला, तोच. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तारकर्लीला होता, त्याला घेऊन गेले. मिग-२९के येणार म्हणून सकाळपासून उड्या. विमान आलं तेव्हा तो आवाजाच्या दिशेने बघत राहिला आणि विमान केव्हाच पुढे गेलेलं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, विजेच्या गडगडाटासारखं, हे मी नंतर समजावलं. त्या वेळी त्याने फक्त कान गच्च दाबले आणि म्हणाला, "आई, याचा आवाज कमी कसा करायचा?"

चिपळूणहून
गुहागरकर, ती जुनी जॉयस्टिक विकणार का? साफ करून बघतो.

गुहागरहून
फुकट न्या, पण दसऱ्यानंतर. आत्ता पाठवली तर पोचेपर्यंत उरलेलीही गंजेल.