पहिलाच वोट, आणि तो नोटाला?

जेलरोडचा नाना, ७ मे २०२४
काल इथे आपल्या इंदूरच्याच एका एकोणीस वर्षांच्या मुलीने लिहिलं: "सगळे उमेदवार बेकार आहेत, मला समजातच येत नाहीये की कोणाला वोट टाकू. मम्मी-पप्पा बोलतात कमळ, मामा बोलतो नोटा, म्हणजे ते 'यातलं कोणी नको'वालं बटन. मला तर त्या दिवशी घरी झोपावंसं वाटतंय." खाली टाळ्याच टाळ्या. मी गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच.

झोप पोरी, खुशाल झोप. मग नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून पाच वर्षं ओरडू नकोस. २९ एप्रिलला जे झालं ते मलाही रुचलेलं नाही. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसचा उमेदवार अर्ज काढून घेतो आणि त्याच दिवशी भाजपमध्ये जातो, हे इंदूरने पहिल्यांदाच पाहिलं. पण अजून चौदा जण उभे आहेत की! त्यातल्या किती जणांची नावं तरी वाचलीत? याच इंदूरने १९६२ ला होमी दाजींना अपक्ष निवडून दिल्ली दाखवली. नोटा म्हणजे लग्नात आहेराचं रिकामं पाकीट देणं, तेही नाव न घालता.

आडाबाजार
नाना, नळाचं पाणी नगर निगम देते, खासदार नाही. पहिल्याच परिच्छेदात पेपर फुटला तुमचा.
चौदा नावं वाचली मी. वाचून झाल्यावर पुन्हा नोटावरच आलो. जेवायला बोलवायचं, ताटात फक्त चटणी वाढायची आणि वर म्हणायचं, चौदा प्रकारच्या आहेत, निवड!

मांडवी (बडोदे)
आमचं आजच झालं. माझी मावशी सुरतला राहते, तिला चटणीपण नाही मिळाली. एकाचा अर्ज बाद, बाकीच्यांनी मागे घेतले, २२ एप्रिललाच खासदार बिनविरोध. नोटाला मशीन लागतं ना, मशीनच आली नाही. तुम्ही इंदूरवाले नशीबवान आहात.

कोथरूडकर
विषय चांगला, पण शीर्षकातच ठेचकाळलो. 'वोट' नव्हे, मत. 'समजात येत नाही' नव्हे, कळत नाही. 'मम्मी बोलतात' नव्हे, म्हणतात. भाषेची ही दशा असेल तर लोकशाहीची चर्चा कशाला करायची?

आडाबाजार
आले! भिया, आमच्याकडे हिंदीत 'मत' म्हणजे 'नको'. लहानपणी शाळेच्या भिंतीवर पक्षाने रंगवलं होतं, 'मत दो'. माझा धाकटा भाऊ रोज विचारायचा, काय नको द्यायचं? म्हणून आम्ही वोटच म्हणतो. कोणाला त्रास?

कोथरूडकर
विनोद करून चूक बरोबर होत नाही.

राजवाड्याची आत्या
अहो कोथरूडकर, 'उमेदवार' कोणत्या पेठेतला? फारसी आहे तो. उमेद असलेला. (इथे उमेद आम्ही धरायची आणि नाव त्यांचं, ते सोडा.) तुमच्याकडची मुलं 'माझी मदत कर' म्हणतात ते चालतं का? माझी भाची पुण्यात शिकते, दर वाक्यात 'लाईक' आणि 'बेसिकली'. तिला कोणी अडवत नाही. आमच्या मुली हिंदी शाळेत जातात, हिंदी बाजारात भाजी घेतात आणि तरी घरात शिरताना चप्पल काढावी तशी हिंदी काढून मराठी बोलतात. थोडी धूळ येते पायाला. चालायचंच.

कोथरूडकर
भावनिक होऊ नका. मी फक्त प्रमाण भाषेबद्दल बोललो.

राजवाड्याची आत्या
मीही फक्त धुळीबद्दल बोलले.

आडाबाजार
मल्हाररावांनी सुभा घेतला तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षं इथे मराठी चालू आहे. कोथरूड तेव्हा गाव तरी होतं का?

कोथरूडकर
होतं. पेशव्यांच्या काळात मृत्युंजयेश्वर तिथेच बांधला. इतिहास वाचा.

जेलरोडचा नाना
अरे काय चाललंय? मुलीने वोट विचारला, तुम्ही देऊळ बांधताय!

राजवाड्याची आत्या
बरं, विषयावर येते. माझा पहिला वोट १९८९ चा. वय एकोणीस. मतदानाचं वय एकवीसचं अठरा नुकतंच झालेलं, नाहीतर ती निवडणूक हुकलीच होती. समोर प्रकाशचंद्र सेठी, देशाचे गृहमंत्री राहिलेले, आणि आपल्या सुमित्राताई महाजन. बाबा सेठींचे. आई ताईंची, का, तर "ती आपल्यासारखं बोलते". मला दोघांबद्दल काडीचं माहीत नव्हतं. आईचं भांडण नको म्हणून शिक्का मारला. कागद घडी केला आणि लक्षात आलं, शाई ओली आहे. दुसऱ्या नावावर उमटली असणार! आठवडाभर घास उतरला नाही. मग आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी समजावलं, तो बाणांच्या फुलीचा शिक्का मुद्दामच तसा असतो. उलटा उमटला तरी मोजणाऱ्याला खरी खूण कोणती ते कळतं.
तर सांगायचं काय, मला कोणी आवडलं म्हणून मी वोट टाकला नव्हता. आवडायला तो काय नवरामुलगा आहे? (तोही कुठे आवडला होता म्हणा.)

आडाबाजार
आत्या, आईच्या धाकाने दिलेला वोट म्हणजे लोकशाही आणि विचार करून दाबलेला नोटा म्हणजे पळपुटेपणा? वा!

राजवाड्याची आत्या
ते बरोबर आहे तुझं. पण तोंड वाकडं करून सांगतेय असं समज.

उन्हाळी_सावली
ती पोस्ट माझीच आहे. थँक्यू, माझ्या मराठीवर एवढी चर्चा झाली. उत्तर कोणीच नाही दिलं. नोटाने होतं काय, एवढं तरी सांगा.

जेलरोडचा नाना
काही होत नाही. नोटाला सगळ्यांत जास्त वोट पडले तरी दुसऱ्या नंबरवरचा माणूस खासदार होतो. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या हिशेबातसुद्धा नोटा धरत नाहीत.

आता एक ऐक. मी मास्तर, निवडणूक ड्यूटी जन्मभर केली. २००८ च्या विधानसभेला देपालपूरकडच्या एका गावात होतो. एक म्हातारी आली. रजिस्टरमध्ये अंगठा झाला, बोटाला शाई झाली, पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत गेली आणि परत फिरली. म्हणाली, यातलं कोणी नको. तेव्हा नोटा नव्हता, नियम ४९-ओ होता. पीठासीन साहेबांनी तिच्या नावापुढे तसा शेरा लिहिला आणि पुन्हा अंगठा घेतला. सगळे एजंट माना लांब करून बघत होते. पेटी सील व्हायच्या आत गावभर झालं, हिने कोणालाच नाही दिला. आम्ही निघालो तेव्हा तिच्या दारात चार माणसं उभी होती. कशाला, ते मी विचारलं नाही. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोटा आणला तो यासाठीच, की 'नाही' म्हणणारासुद्धा गुप्त राहावा.

उन्हाळी_सावली
नाना, म्हणजे हे बटन त्या आजीसाठी आलं. मग मला रिकामं पाकीट का बोलता?

आडाबाजार
😂 नाना क्लीन बोल्ड.

जेलरोडचा नाना
आजी उन्हात चालत आली होती. तू झोपते म्हणालीस. राग त्याचा आहे, नोटाचा नंतर. जा, दाब काय दाबायचं ते. पण सकाळी सातला रांगेत दिसली पाहिजेस.

राजवाड्याची आत्या
लवकर जा गं, छप्पन दुकानवर शाई दाखवली की पोहे-जलेबी फुकट आहेत. नाना तेवढ्यासाठीच सातला जातात.

आडाबाजार, ५ जून २०२४
धागा वर काढतोय. नोटा २,१८,६७४! बिहारच्या गोपालगंजचा ५१,६६० चा विक्रम चार पटीने मोडला. नंबर दोन कोण? आम्ही. नाना, पाकीट जड निघालं ना?

जेलरोडचा नाना
विजेते १२,२६,७५१. त्यांच्या खालच्या उमेदवाराशी (नोटा सोडून) अंतर ११,७५,०९२. काय झालं तुझ्या नोटाने? बाकी तेराही जणांची जमानत गेली, बस.
आकडा मोठा आहे. तेवढं मान्य.

आडाबाजार
"तेवढं मान्य" फ्रेम करून लावतोय.

मांडवी (बडोदे)
त्यातले निम्मे काँग्रेसचेच असतील, त्यांनीच तर सांगितलं होतं नोटा दाबा म्हणून.

आडाबाजार
आणि निम्मे नसतील. चिठ्ठीवर जात लिहिलेली नसते.

उन्हाळी_सावली
मी गेले होते, साडेसातला. मशीनच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, मी पूर्ण बघितली. काय होतं ते मम्मीलापण नाही सांगितलं. पोहे संपले होते. उंगलीवरची शाई अजून आहे, नखाबरोबर वर सरकलीय.

कोथरूडकर
बोटावरची.