अनुभव धागा : अमेरिकेत 'फेअर' क्रेडिट स्कोअर असताना कॅशबॅक कार्ड कसं पारखावं?

फायको स्कोअर, म्हणजे कर्ज किंवा कार्ड देताना बँका बघतात तो पत-गुणांक, ३०० ते ८५० असतो. त्यात ५८० ते ६६९ हा 'फेअर' पट्टा. या पट्ट्यातल्या माणसाच्या टपालपेटीत कार्डांची भरपूर पत्रं येतात. 'कॅशबॅक' मोठ्या अक्षरांत आणि फी मागच्या पानावर. नव्याने आलेले विद्यार्थी, डिपेंडंट व्हिसावरचे जोडीदार, मधल्या काळात हप्ते चुकलेले लोक, सगळ्यांना प्रश्न एकच : यातलं कुठलं कार्ड घेण्यासारखं आहे?

या विषयात मुरलेल्यांनी आपापल्या टोपणनावाने इथे लिहावं. आपबीती नको. आकडे, पायऱ्या, अटी आणि नेमकं कुठे फसतं ते हवं आहे. कार्डांची नावं जरूर द्या, पण अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी बँकेच्या साइटवर प्रत्येकाने स्वतः तपासावं.

पाटीपेन्सिल

कार्डाकडे वळण्याआधी आपला स्कोअर फेअर का आहे ते बघा. ६४० स्कोअर असलेली दोन माणसं अगदी वेगळी असू शकतात. एकाची फाइल कोरी असते, म्हणजे जेमतेम एक खातं आणि आठ-दहा महिन्यांचा इतिहास. दुसऱ्याकडे जुनी खाती असतात, पण उशिरा भरलेले हप्ते किंवा काठोकाठ भरलेली कार्डं असतात. पहिल्याला मुख्यतः वेळ हवा असतो. दुसऱ्याला नवं कार्ड घेण्यापेक्षा आधीची थकबाकी उतरवणं जास्त फळतं, कारण फायकोमध्ये 'किती देणं आहे' या भागाचं वजन ३० टक्के आहे. वेळेवर भरण्याचं ३५, इतिहासाच्या लांबीचं १५, नव्या अर्जांचं १० आणि खात्यांच्या प्रकारांचं १०.

इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे (लोकांच्या कर्जांचा इतिहास नोंदवणाऱ्या कंपन्यांचे) रिपोर्ट 'अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम'वर आठवड्यातून एकदा फुकट मिळतात. तिन्ही काढा. पत्ता, नावाचं स्पेलिंग, आपलं नसलेलं खातं, बंद करूनही उघडं दिसणारं खातं, हे सगळं ताडून पाहा. आपल्याकडच्या आडनावांची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी नोंदली जातात आणि इतिहास दोन फायलींत विभागला जातो. चूक दिसली तर त्या ब्युरोकडे लेखी तक्रार करा. साधारण ३० दिवसांत तपास करणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. ही दुरुस्ती होईपर्यंत अर्ज करू नका.

आणखी एक. फुकट अ‍ॅपमध्ये दिसणारा स्कोअर पुष्कळदा व्हँटेजस्कोअर, म्हणजे वेगळ्या पद्धतीने काढलेला स्कोअर असतो. बँक फायको बघत असेल तर दोन्हींत वीस-तीस गुणांचा फरक सहज पडतो.

हिशेबनीस

फीचं गणित मांडतो. कॅपिटल वनचं क्विकसिल्व्हरवन हे या पट्ट्यातलं ठळक कार्ड. वर्षाला ३९ डॉलर फी आणि सगळ्या खरेदीवर १.५ टक्के. ३९ भागिले ०.०१५ म्हणजे २,६००. वर्षाला २,६०० डॉलरपर्यंतच्या, म्हणजे महिन्याला साधारण २१७ डॉलरच्या खरेदीवर मिळणारा कॅशबॅक नुसती फी भरून काढतो. खरी कमाई त्यापुढची.

पण तुलना शून्याशी करून भागत नाही. बिनफीचं १ टक्का देणारं कार्ड मिळत असेल, तर १.५ टक्क्यांचा खरा फायदा उरतो अर्धा टक्का. ३९ भागिले ०.००५ म्हणजे ७,८००. महिन्याला ६५० डॉलरच्या खाली खर्च असेल तर बिनफीचं १ टक्काच जास्त पदरात टाकतं.

आता वाईट कार्डांकडे येऊ. २००९ च्या कार्ड कायद्यानुसार पहिल्या वर्षात खात्यावर लावलेली फी सुरुवातीच्या लिमिटच्या २५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून ३०० डॉलर लिमिट आणि ७५ डॉलर फी ही जोडी वारंवार दिसते. ती मर्यादेच्या रेषेवर बेतलेली असते. अशा कार्डावर १ टक्का कॅशबॅक असेल तर फी भरून निघायला वर्षाला ७,५०० डॉलर, म्हणजे महिन्याला ६२५ डॉलर खर्च हवा. लिमिट ३०० आहे. दर महिन्याला दोनदा पूर्ण भरून दोनदा पूर्ण रिकामं केलं तरी बरोबरी होत नाही. वर पहिल्याच बिलात ७५ डॉलर लागतात, त्यामुळे एकही खरेदी न करता ब्युरोकडे लिमिटचा २५ टक्के वापर दिसतो.

दोन पळवाटा लक्षात ठेवा. खातं उघडण्याआधी घेतलेली 'प्रोसेसिंग फी' त्या २५ टक्क्यांत धरली जात नाही. आणि मर्यादा फक्त पहिल्या वर्षाची आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून दरमहा 'मेंटेनन्स' लावणारी कार्डं आहेत. करारात 'पहिल्या वर्षानंतर' हे शब्द शोधा.

बारीक अक्षरं

प्रत्येक अर्जाच्या पानावर व्याजदर आणि फीचा चौकटीतला तक्ता देणं बँकेला बंधनकारक आहे. जाहिरात नंतर, आधी तो तक्ता वाचा. वार्षिक फी, खरेदीचा व्याजदर, रोख उचलीचा दर, परदेशी व्यवहाराची फी आणि किमान व्याज, एवढ्या ओळी पुरतात.

परदेशी व्यवहाराची फी बऱ्याच कार्डांवर ३ टक्के असते. भारतात सुट्टीवर गेल्यावर १.५ टक्के मिळवायला ३ टक्के मोजले जातात. क्विकसिल्व्हरवनला ही फी नाही.

रोख उचलीची व्याख्या नीट पाहा. एटीएम तर आहेच. शिवाय कार्डाने भारतात पैसे पाठवणं, मनी ऑर्डर, काही अ‍ॅपमधून मित्राला पैसे देणं हे 'रोख' धरलं जाऊ शकतं. त्यावर कॅशबॅक नाही, बहुधा ५ टक्के किंवा १० डॉलर यांतली मोठी रक्कम फी म्हणून, आणि व्याज त्याच दिवसापासून. भारतात पैसे पाठवायचे तर बँक खात्यातूनच पाठवा.

कॅशबॅक खरेदीवर मिळतो की बिल भरल्यावर, किती डॉलर साठल्यावर काढता येतो, हेही तिथेच कळतं. कॅशबॅक बिलात वळता केला तरी तो बहुतेक ठिकाणी किमान रकमेच्या भरण्यात धरत नाहीत. कॅशबॅक वळता केला म्हणून महिना सुटला असं समजणारे लेट फीमध्ये अडकतात.

दोन टोकं

२०० डॉलर काही महिने अडकवता येत असतील तर डिपॉझिटवालं (सिक्युअर्ड) कार्ड, म्हणजे बँकेकडे ठेवलेल्या डिपॉझिटच्या जोरावर लिमिट देणारं, बहुतेक वेळा सरस ठरतं. डिस्कव्हर इट सिक्युअर्ड आणि क्विकसिल्व्हर सिक्युअर्ड ही दोन्ही २०० डॉलरपासून मिळतात आणि वार्षिक फी नाही. क्विकसिल्व्हर सिक्युअर्डवर १.५ टक्के. डिस्कव्हरवर पेट्रोल पंप आणि रेस्टॉरंटला २ टक्के (दोन्ही मिळून तिमाहीला १,००० डॉलरपर्यंत), बाकीवर १ टक्का, आणि पहिल्या वर्षाचा साठलेला कॅशबॅक वर्षअखेरीस दुप्पट.

अडकलेल्या २०० डॉलरवर बचत खात्यात ४ टक्के मिळाले असते असं धरलं, तरी वर्षाचे ८ डॉलर बुडाले. समोर ३९ डॉलरची फी आहे. डिपॉझिट परत मिळतं, फी मिळत नाही.

हिशेबनीस

'दोन टोकं', तुमचं म्हणणं मान्य, पण लिमिटचाही विचार हवा. २०० डॉलर लिमिटच्या कार्डावर पेट्रोल पंपसुद्धा जड जातो. पंप टाकी भरण्याआधी शंभर डॉलरच्या वरची रक्कम अडवून ठेवू शकतो, आणि ती सुटेपर्यंत पुढचं बिल नाकारलं जातं. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीचंही तेच. ज्याचा महिन्याचा खर्च ७००-८०० डॉलर कार्डावर जाणार आहे आणि ज्याला ५०० किंवा जास्त लिमिट देऊ केलं आहे, त्याला ३९ डॉलर परवडू शकतात. डिपॉझिट ५०० चं ठेवता येत असेल तर मात्र तुमचंच बरोबर.

सव्वीस तारीख

लिमिट लहान असताना तारखांचा खेळ समजून घ्यावाच लागतो. बिलात दोन तारखा असतात : स्टेटमेंट बंद होण्याची आणि पैसे भरण्याची. कायद्याने बिल शेवटच्या तारखेच्या किमान २१ दिवस आधी धाडावं लागतं. व्याज टाळायला दुसरी तारीख पुरते. पण बहुतेक बँका ब्युरोला आकडा कळवतात तो स्टेटमेंट बंद झाल्यावरचा.

समजा लिमिट ५०० आहे, महिन्यात ४०० वापरले आणि शेवटच्या तारखेला पूर्ण भरले. व्याज शून्य. तरी रिपोर्टमध्ये ८० टक्के वापर दिसला आणि स्कोअर खाली आला. उपाय असा :

स्टेटमेंट बंद होण्याच्या तीन-चार कामाच्या दिवस आधी ३६० डॉलर भरा. ४० उरू द्या. कळवला जाईल तो वापर ८ टक्के. उरलेले ४० बिल आल्यावर ऑटोपेने जाऊ द्या.

ऑटोपे लावताना पर्याय 'स्टेटमेंट बॅलन्स' निवडा, 'मिनिमम' नको. ऑटोपे लावल्यावर पहिलं बिल त्यात येतंच असं नाही, बऱ्याचदा ते पुढच्या बिलापासून सुरू होतं. पहिलं बिल हाताने भरा. चुकून तारीख हुकली तर त्याच दिवशी भरून टाका. लेट फी लागेल, पण ब्युरोकडे उशिराची नोंद ३० दिवस उलटल्याशिवाय जात नाही. ती एकदा गेली की रिपोर्टवर सात वर्षं राहते.

हातचा एक

थकबाकी ठेवणाऱ्याने कॅशबॅक मोजूच नये. या पट्ट्यात व्याजदर ३० टक्क्यांच्या आसपास असतो. ८०० डॉलर महिनाभर राहिले तर ३० दिवसांचं व्याज जवळपास २० डॉलर. त्या ८०० वर १.५ टक्क्याने मिळाले १२.

लोकांना न दिसणारा भाग पुढे आहे. एकदा बाकी ठेवली की बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. नंतर पूर्ण बिल भरलं तरी पुढच्या बिलात थोडं व्याज पुन्हा दिसतं. ते व्याज आधीचं बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतचं असतं. बँकेची चूक समजून ते न भरता सोडलं, तर पाच-सात डॉलरसाठी लेट फी आणि वर उशिराची नोंद.

चौथा मजला

डिपेंडंट व्हिसावरच्या जोडीदारांसाठी. वय २१ किंवा जास्त असेल तर अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्यात ज्या उत्पन्नावर तुमचा रास्त हक्क चालतो ते, म्हणजे नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात येणारा पगार, लिहिता येतो. २०१३ पासून नियमच तसा आहे. 'माझं उत्पन्न शून्य' असं लिहून नकार ओढवून घेऊ नका. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन (कर भरण्यासाठी मिळणारा ओळख क्रमांक) स्वीकारणाऱ्या बँका आहेत.

दुसरी वाट : जोडीदाराच्या जुन्या, वेळेवर भरल्या जाणाऱ्या कार्डावर ऑथोराइज्ड यूजर, म्हणजे त्याच खात्याचे जोड-वापरकर्ते व्हा. त्याआधी ती बँक अशा यूजरची माहिती ब्युरोला कळवते का, एवढं फोनवर विचारून घ्या.

पाटीपेन्सिल

अर्जाची रीत. बँकेच्या साइटवर 'प्रीअप्रूव्हल' (अर्जाआधीची प्राथमिक पात्रता) तपासा. त्यात सॉफ्ट चौकशी होते, स्कोअरला धक्का नाही. ती मंजुरीची हमी नसते, पण लिमिट आणि दराचा अंदाज येतो. दोन-तीन बँकांकडे असं पाहून खरा अर्ज एकाच ठिकाणी करा. हार्ड चौकशी, म्हणजे खऱ्या अर्जावेळी बँक करते ती, रिपोर्टवर दोन वर्षं दिसते, फायको ती बारा महिने धरतं. घर किंवा गाडीच्या कर्जासाठी थोड्या दिवसांतल्या अनेक चौकश्या एक धरतात. कार्डांना ती सवलत नाही, चार अर्ज म्हणजे चार चौकश्या.

नकार आला तर पत्र फेकू नका. कारणं द्यावीच लागतात, आणि स्कोअरमुळे नकार असेल तर वापरलेला आकडाही. ६० दिवसांच्या आत त्या ब्युरोचा रिपोर्ट फुकट मागता येतो. कारण 'इतिहास अपुरा' असेल तर सहा महिने थांबण्यात अर्थ आहे. 'वापर जास्त' असेल तर बाकी उतरवून महिन्या-दीड महिन्यात चित्र बदलू शकतं.

गल्लीबोळ

२-३ टक्के 'किराणा'वर देणाऱ्या कार्डांबद्दल एवढंच : दुकानात काय घेतलं ते बँकेला दिसत नाही, दुकानाचा चार आकडी कोड दिसतो. ५४११ म्हणजे किराणा. वॉलमार्ट, टार्गेट आणि कॉस्टको बहुतेक कार्डांत त्यात बसत नाहीत. भारतीय किराण्याचं दुकान कुठल्या कोडखाली नोंदलंय ते एक लहान खरेदी करून पुढच्या स्टेटमेंटमध्ये पाहावं. शिवाय कॉस्टकोच्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं, तिथे डिस्कव्हर उपयोगाचं नाही.

दोन टोकं

स्कोअर ६७० च्या वर स्थिरावला की फीवालं कार्ड ठेवण्याचं कारण उरत नाही. वार्षिक फी लागण्याच्या महिनाभर आधी फोन करा आणि त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलून मागा. खातं तेच राहतं, वय तेच राहतं आणि बहुधा नवी हार्ड चौकशी होत नाही. नाही म्हणाले तर दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. तरीही नाहीच, तर आधी दुसरं बिनफीचं कार्ड हातात येऊ द्या आणि मग हे बंद करा. चांगल्या स्थितीत बंद केलेलं खातं रिपोर्टवर दहा वर्षांपर्यंत राहतं, पण त्याचं लिमिट लगेच जातं आणि वापराची टक्केवारी वर सरकते.

बंद करण्याआधी साठलेला कॅशबॅक बँक खात्यात काढून घ्या. बऱ्याच करारांत खातं बंद होताच उरलेली रक्कम जप्त होते. चालू वर्गण्या दुसऱ्या कार्डावर हलवा, आणि शेवटचं व्याज वा फी शिल्लक नाही ना, हे बघायला पुढचं एक स्टेटमेंट येईपर्यंत खात्यात लॉगिन करत राहा.