पीए प्रवेशासाठी हजार तासांची अट: ठेवावी की काढावी?

चकलीचा_सोऱ्या (धागाकर्ता)

पीए म्हणजे आमदारांचे पीए नव्हेत. अमेरिकेतले फिजिशियन असिस्टंट. रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, शस्त्रक्रियेत सर्जनच्या समोर मदतनीस म्हणून उभे राहतात. पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचा मास्टर्स, मग पॅन्स ही परीक्षा आणि राज्याचा परवाना. 'मेडिकल नाही तर काय?' या प्रश्नाला इथल्या मराठी घरांत हल्ली हे उत्तर बरंच ऐकू येतं, म्हणून हा धागा.

प्रवेशाला बॅचलर्स कुठल्याही विषयातली चालते, पण ठरावीक विषय झालेले लागतात: प्रॅक्टिकलसह अ‍ॅनाटमी आणि फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री (बऱ्याच ठिकाणी ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्रीपर्यंत), स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची ४ पैकी सरासरी) किमान ३.०, आत जाणाऱ्यांचा ३.५ च्या आसपास. शिफारसपत्रं, निबंध, काही ठिकाणी जीआरई. अर्ज कॅस्पा या सामायिक पोर्टलवरून.

आणि वर अर्जाआधी केलेले रुग्णसेवेचे तास. कुठे ५००, कुठे १०००, कुठे २०००.

माझं म्हणणं, ही अट काढून टाकावी. आठवड्याला २० तास धरले तर हजार तासांना ५० आठवडे लागतात, म्हणजे कॉलेजचं एक अख्खं वर्ष. त्याआधी सर्टिफिकेट हवं. सीएनएचा (रुग्णांची शुश्रूषा करणारा नर्सिंग मदतनीस) कोर्स फेडरल नियमाने किमान ७५ तासांचा, ईएमटीचा (अ‍ॅम्ब्युलन्सवरचा आपत्कालीन मदतनीस) त्याच्या दुप्पट किंवा जास्त. दोन्हींत पगार जेमतेम. घरून पैसे येणारा मुलगा हे करतो. ज्याला त्याच काळात जास्त पगाराची नोकरी करून फी भरायची आहे, त्याला जमत नाही. पात्रता मोजतोय असं वाटतं, मोजला जातो तो खिसा.

---

दुपारचा_चहा

सहमत नाही. हा कोर्स २७ महिन्यांत का बसतो, ते आधी बघा.

१९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिली तुकडी सुरू केली, तेव्हा घेतले चार जण, चौघेही नौदलातले माजी कोअरमन, म्हणजे वैद्यकीय मदतनीस. जखमा बांधणं, टाके घालणं, घाबरलेल्या माणसाशी बोलणं हे त्यांना येतच होतं. शिकवायचं होतं ते त्यामागचं वैद्यक. तिघे १९६७ मध्ये बाहेर पडले. कोर्सचा साचा तिथून आलाय.

डॉक्टरला चार वर्षं मेडिकल स्कूल आणि वर किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पीएला रेसिडेन्सी सक्तीची नाही. परवाना हातात आला की सोमवारपासून रुग्ण. मग रुग्णाला हात लावायची सवय लागायची कुठे? कोर्सच्या आधीच. तुम्ही अट काढा म्हणता, तर मग कोर्स ३६ महिन्यांचा करा आणि त्याची फी द्या. सीएनएचं वर्ष त्यापेक्षा स्वस्त पडेल.

---

रारीटनकाठचा

थोडी दुरुस्ती दोघांनाही. तासांची अट आर्क-पीएची नाही. आर्क-पीए कोर्सला मान्यता देते आणि एवढंच सांगते की प्रवेशाच्या अटी ज्या काही असतील त्या जाहीर करा आणि सगळ्यांना सारख्या लावा. आकडा प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. बारावीनंतर थेट घेणारे पाच-सहा वर्षांचे कोर्सही आहेत; त्यांतल्या काहींत विद्यार्थी हजार तासांविना आत जातात आणि बाकीच्यांसारखीच पॅन्स देतात. तेव्हा 'तासांशिवाय पीए घडतच नाही' असं म्हणता येणार नाही.

घोळ होतो तो मोजण्यात. कॅस्पात दोन वेगळे रकाने आहेत. पेशंट केअर म्हणजे रुग्णाची जबाबदारी थेट तुमच्यावर: ईएमटी, सीएनए, मेडिकल असिस्टंट, रक्त काढणारा फ्लेबॉटमिस्ट, श्वसनोपचार करणारा. हेल्थकेअर म्हणजे दवाखान्यातलं बाकी सगळं: रिसेप्शन, फाइली, खाटा ढकलणं, औषधाच्या दुकानातला काउंटर. डॉक्टरच्या मागे नुसतं उभं राहून बघणं, म्हणजे शॅडोइंग, तिसरीकडे. तेच तास दोन रकान्यांत टाकता येत नाहीत. आणि अर्ज पाठवल्यानंतर व्हायचे तास कॅस्पा बेरजेत धरत नाही. 'डिसेंबरपर्यंत होतील' याला तिथे शून्य किंमत.

सर्वांत मोठं भांडण स्क्राइबचं. डॉक्टर तपासतो, हा शेजारी बसून नोंदी टंकतो. एक कॉलेज त्याला पेशंट केअर धरतं, शेजारचं धरत नाही. १५०० तासांचा स्क्राइब एका ठिकाणी पात्र आणि दुसऱ्या ठिकाणी कोरा!

---

चकलीचा_सोऱ्या

@रारीटनकाठचा, हेच तर म्हणतोय. स्क्राइब दिवसभर निदानाची विचारप्रक्रिया ऐकतो, पण रुग्णाला हात लावत नाही म्हणून बाद. मेडिकल असिस्टंट बीपी घेतो, वजन करतो, खोलीत बसवतो, दिवसाला तीस वेळा तेच. आणि ते हजार तास सोन्याचे. १९६५ चा कोअरमन आणि आजचा हा मुलगा यांना एकाच तराजूत घालायचं?

---

सोलकढी_रिफिल

तुम्ही इथे वाढलेल्या मुलांचंच बोलताय. ही अट सर्वांत जास्त बोचते ती भारतातून आलेल्या बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपिस्ट मंडळींना, त्यातही एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्यांना. वर्क परमिट नसेल तर पगारी सीएनए होता येत नाही. बिनपगारी सेवा करायला गेलं तर काही कॉलेजं तास धरतात, काही 'फक्त पगारी' म्हणून हात वर करतात. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) असाल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. कॅम्पसवर रुग्ण कुठून आणायचे?

आणि वर्षभराची इंटर्नशिप? वॉर्डात रात्रंदिवस राबून केलेली. तिला 'शिक्षणाचा भाग' ठरवून बाहेर काढणारी कॉलेजं आहेत, कारण विद्यार्थी म्हणून केलेले तास धरायचे नाहीत असा त्यांचा नियम. आमच्याकडे ती पदवीचाच भाग असते, त्यामुळे सगळीच्या सगळी वाया.

---

दुपारचा_चहा

@सोलकढी_रिफिल, इंटर्नशिपचा मुद्दा मान्य, तो अन्यायच आहे. पण ही मंडळी अडकतात ती तासांच्या बरीच आधी.

परदेशी गुणपत्रिकेचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, साधं 'पदवी समकक्ष' पत्र चालत नाही. त्यानंतरही अनेक कॉलेजं सांगतात की आवश्यक विषय अमेरिकेतल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून केलेले हवेत. मग बीडीएसवाली बाई कम्युनिटी कॉलेजात पुन्हा अ‍ॅनाटमीला बसते. विषय पाच-सात-दहा वर्षांपूर्वीचे असले तर मुदत संपली म्हणतात, तेही आहेच. काही ठिकाणी ग्रीन कार्डाशिवाय अर्जच घेत नाहीत. आधी हे तपासा, मग तासांचं बघू.

आणि एक गैरसमज इथेच मोडून टाकतो, कारण तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो: एमबीबीएस असाल तरी पॅन्सला थेट बसता येत नाही. भारतातला फिजिशियन असिस्टंटचा बीएससी केला असला तरी नाही. आर्क-पीएची मान्यता असलेल्या कोर्समधून बाहेर पडलेल्यालाच ती परीक्षा देता येते. कुणी पैसे घेऊन 'शॉर्टकट' सांगत असेल तर पाय लावून पळा.

---

वजाबाकी

तास काढा म्हणणाऱ्यांना एक विचारतो: मग उरेल काय? जीपीए. आणि कॅस्पाचा जीपीए तुमच्या कॉलेजच्या जीपीएपेक्षा निर्दय आहे.

उदाहरण देतो. ऑरगॅनिक केमिस्ट्री, ४ क्रेडिट, पहिल्यांदा सी (२.०). पुन्हा केला, ए (४.०). अनेक कॉलेजं जुना ग्रेड पुसून ४.० दाखवतात. कॅस्पा दोन्ही प्रयत्न धरतं, म्हणजे आठ क्रेडिटवर ३.०. ग्रेड विसरणं त्याच्या स्वभावात नाही. सायन्सचा जीपीए वेगळा काढतं, तिथे हे आणखी झोंबतं. १२० क्रेडिट ३.१ ने संपवलेल्या माणसाने पुढे ३० क्रेडिट सगळे ए मिळवले तरी गाडी ३.२८ वर थांबते. एका वर्षाचा खर्च, आणि फळ दशांशात.

तास मात्र पदवी संपल्यावरही वाढवता येतात. विसाव्या वर्षी वाया गेलेलं सेमिस्टर भरून काढायची अर्जात हीच एक जागा उरते. ती बंद केलीत तर गरीब मुलगा आत येणार नाही. शाळेपासून शिकवणी लावलेला ३.९ वाला येईल. तुम्ही ज्याच्या बाजूने बोलताय, त्याचीच शिडी काढताय.

---

चकलीचा_सोऱ्या

३.२८ चा हिशोब करून बघितला, बरोबर आहे. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. अट पूर्ण काढावी हे मागे घेतो. किमान आकडा काढावा, तास मात्र गुणांत धरावेत.

पण पैशाचं म्हणणं सोडत नाही, उलट आता ते जास्त लागू आहे. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस (पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं फेडरल कर्ज) १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. सर्वसाधारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण एक लाख. डॉक्टर-वकिलांसारख्या 'प्रोफेशनल' पदव्यांना मर्यादा जास्त आहे, पण शिक्षण खात्याच्या मसुद्यात पीए त्या यादीत नव्हता. २७ महिन्यांची तीन शैक्षणिक वर्षं धरली तरी ६१,५००, आणि अनेक खासगी कोर्सची नुसती फी एक लाखाच्या वर. कोर्स चालू असताना नोकरी करू नका असं बहुतेक कॉलेजं सांगतात, आणि करायला वेळही उरत नाही. त्याआधी जेमतेम पगारावर काढलेले तास म्हणजे न साठवलेले पैसे.

---

वजाबाकी

पैशाचं पटलं. पण मग जास्त पगाराचे तास शोधा. फ्लेबॉटमी, डायलिसिस टेक्निशियन, ऑपरेशन थिएटरचा सर्जिकल टेक. शेवटच्याला शिकायला वेळ लागतो, पण पगारही बरा आणि कॉलेजं सहसा त्या तासांवर शंका घेत नाहीत. सगळे स्क्राइबच्या मागे लागतात ते त्याला सर्टिफिकेट लागत नाही म्हणून.

---

रारीटनकाठचा

किमान आकडा काढला तर फायदा कुणाला होईल याची खात्री नाही. बरीच कॉलेजं अर्ज आले तसे बघत जातात. कॅस्पा एप्रिलच्या शेवटी उघडतं. मे-जूनमध्ये पूर्ण अर्ज टाकणाऱ्याला मुलाखतीच्या सगळ्या जागा मोकळ्या, सप्टेंबरवाल्याला उरलेल्या. तेव्हा आकडा छापलेला असो वा नसो, मे महिन्यात ज्याचे तास तयार तो पुढे. छापलेला असला तर निदान आधी कळतं तरी. शिवाय मुदतीचा शब्द नीट वाचा: कुठे त्या तारखेला अर्ज पाठवलेला चालतो, कुठे कॅस्पाने पडताळलेला लागतो. पडताळणीला आठवडे जातात. शेवटच्या दिवशी पाठवून वर्ष घालवणारे दरवर्षी असतात.

तासांचा उपयोग कुठे दिसतो ते सांगतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात नाही. तिथे सगळे सारखेच बुडतात: बारा-पंधरा महिन्यांत अख्खं वैद्यक, आणि एक विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो, त्यामुळे नापास झालात तर पुढच्या तुकडीसोबत वर्षभराने. फरक दुसऱ्या वर्षी. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार, सगळं फिरायचं. प्रत्येक ठिकाणी चार-सहा आठवडे. ज्याने आधी रुग्णाला कूस बदलून दिलीय, त्याचा पहिला आठवडा बिचकण्यात जात नाही. चार आठवड्यांतला एक म्हणजे पाव भाग.

---

सोलकढी_रिफिल

म्हणजे कूस बदलून देणाऱ्या सीएनएचे तास मौल्यवान, आणि इंटर्नशिपमध्ये बाळंतपणं केलेल्या बाईचे शून्य. बघा बुवा.

---

दुपारचा_चहा

@सोलकढी_रिफिल, त्यावर वाद नाही. करण्यासारखं सांगतो: इंटर्नशिपनंतर भारतात नोंदणीकृत डॉक्टर म्हणून केलेली नोकरी वेगळी नोंदवा, ती शिक्षणाचा भाग ठरत नाही. रुग्णालयाच्या लेटरहेडवर तारखा, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप आणि वरिष्ठांचा चालू ईमेल असलेलं पत्र घ्या, भारत सोडायच्या आधीच. नंतर ते पत्र मिळवणं म्हणजे सातबारा काढण्याइतकंच. आणि कॉलेजला लेखी विचारा: इंटर्नशिप धरता का, बिनपगारी तास धरता का. ईमेलवरचं उत्तर जपून ठेवा, कारण फोनवर एक सांगतात आणि अर्ज तपासणारा दुसराच असतो.

---

चकलीचा_सोऱ्या

थेट बारावीनंतरच्या कोर्सबद्दल कुणी लिहील का? तिथे तासांशिवाय घेतात, तर त्यांच्या क्लिनिकल वर्षात रारीटनकाठच्यांनी सांगितलेली ही अडचण दिसते का?

---

रारीटनकाठचा

बाहेरून बघायचं असेल तर प्रत्येक मान्यताप्राप्त कोर्सला दोन तक्ते वेबसाइटवर ठेवावेच लागतात: पॅन्सचा पहिल्या खेपेचा निकाल, आणि किती आले, किती गळाले, किती मागे पडले. निकाल बहुतेकांचे चांगले दिसतात, देशाची सरासरी नव्वदीच्या वर असते. दुसरा तक्ता उघडा. नापास होणारे परीक्षेपर्यंत पोचूच दिले नसतील तर पहिला तक्ता चकाचक राहतो. आणि थेट प्रवेशाच्या कोर्समध्ये आणखी एक बघा: तिसऱ्या वर्षानंतर पीएच्या टप्प्यात जायला जीपीएची अट किती, आणि तेव्हाच गुपचूप तास मागतात का. बरेच मागतात.