अमेरिकेतलं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) भारतात बदलून घेताना उड्डाणाचे तास कमी का पडतात?

प्रश्न: अमेरिकेत पार्ट ६१ (तिथले वैमानिक लायसन्सचे नियम) खाली सीपीएलला २५० तास लागतात, डीजीसीएला (भारतातली विमान वाहतूक नियामक संस्था) २००. तरी तास कमी कसे भरतात?

उत्तर १: अडतं ते डीजीसीएला लागणाऱ्या १०० तासांच्या पीआयसीत (विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून केलेलं उड्डाण). अमेरिकेत रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) मिळालेला विद्यार्थी शेजारी प्रशिक्षक असतानाही पीआयसी लिहितो. इथे ते ड्युअल (प्रशिक्षकासोबतचं उड्डाण) धरतात. लॉगबुकात पहिल्या दिवसापासून अशा तासांसाठी वेगळा रकाना ठेवाच.

उत्तर २: शिवाय ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे लांबचं उड्डाण) पीआयसी म्हणून हवी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. टच-अँड-गो (धावपट्टीला टेकून लगेच पुन्हा उडणं) चालत नाही. आणि कृपा करून फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) करून घ्या.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. युरोपातून केलं तर?

उत्तर १: तिथे एटीपीएल (एअरलाइन वैमानिकाचं लायसन्स) थिअरीचे १३ विषय, प्रत्येकात ७५ टक्के. डीजीसीएला ७० पुरतात, पण नियमांचा पेपर इथला वेगळा द्यावाच लागतो.