प्रतिहायड्रोजनचा अणू नष्ट होऊ न देता ओळखता येतो का?

नमस्कार. प्रतिद्रव्याचा कण (नेहमीच्या कणाइतकेच वस्तुमान, पण उलट भार असलेला) द्रव्याला भेटला की दोघेही नष्ट होतात आणि शोधक उपकरण तर द्रव्याचेच असते. मग तो कण नष्ट होण्याआधी दिसतो कसा, हा माझा मूळ प्रश्न होता. विद्युतभार असलेल्या कणांपुरते त्याचे उत्तर मला समजले आहे. अडचण प्रतिहायड्रोजनच्या, म्हणजे हायड्रोजनच्या प्रतिद्रव्यातील जोडीदाराच्या, उदासीन (निव्वळ भार नसलेल्या) अणूपाशी येते, तिथे जाणकारांची मदत हवी आहे.

जे समजले ते आधी मांडतो. वेगवान पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) द्रव्यात शिरल्याबरोबर नष्ट होत नाही. वाटेतल्या अणूंचे आयनीकरण करत, म्हणजे त्यांतले इलेक्ट्रॉन सुटे करत, तो पुढे जातो आणि बहुतेक वेळा वेग जवळजवळ संपल्यावरच एखाद्या इलेक्ट्रॉनसह नाहीसा होतो. तोवर त्याचा माग उमटलेला असतो. 1932 मध्ये कार्ल अँडरसन यांनी क्लाउड चेंबरमध्ये (कणाच्या वाटेवर सूक्ष्म थेंब दिसणाऱ्या बाष्पकोठीत) असाच माग टिपला. चुंबकीय क्षेत्रातील वळणावरून भाराचे चिन्ह कळते. पण एका दिशेने जाणारा इलेक्ट्रॉन आणि उलट दिशेने जाणारा पॉझिट्रॉन यांचे माग सारखेच वळतात. म्हणून त्यांनी मध्ये 6 मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी ठेवली होती. पट्टी ओलांडताना कणाची ऊर्जा घटते, पलीकडचा माग अधिक वळतो आणि कण कुठून कुठे गेला हे निर्विवाद ठरते. इतक्या साध्या साधनाने एवढा मोठा निष्कर्ष निघावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

1955 मध्ये बर्कलेच्या बेव्हाट्रॉन या कणत्वरकावर प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचा ऋणभारित प्रतिकण) सापडला, तेव्हा नुसते चिन्ह पुरेसे नव्हते, कारण ऋणभारित पायॉनांची (प्रोटॉनपेक्षा बरेच हलके, अल्पजीवी कण) गर्दी प्रचंड होती. चुंबकांनी ठरावीक संवेगाचेच (वस्तुमान आणि वेग यांवर ठरणारी राशी) कण निवडले गेले. सुमारे 12 मीटर अंतर कापायला पायॉनला 40 नॅनोसेकंद लागत, तर प्रतिप्रोटॉनला 51. संवेग आणि वेग कळला की वस्तुमान कळते, आणि त्यासाठी कण नष्ट व्हावा लागत नाही.

पेनिंग सापळ्यात, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी भारित कण धरून ठेवणाऱ्या साधनात, तर कण कशालाही स्पर्श करत नाही. तो निर्वातात आंदोलने करतो, त्यामुळे भोवतीच्या इलेक्ट्रोडमध्ये अतिसूक्ष्म प्रवाह प्रेरित होतो आणि तोच मोजला जातो. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या बेस प्रयोगाने अशा रीतीने प्रतिप्रोटॉन वर्षाहून अधिक काळ सांभाळले आहेत.

आता अडचण. प्रतिहायड्रोजनच्या अणूवर निव्वळ भार नसतो, म्हणून ना माग, ना प्रेरित प्रवाह. सर्नच्या अल्फा प्रयोगात हे अणू चुंबकीय सापळ्यात धरले जातात. 2011 मध्ये ते 1000 सेकंद टिकल्याचे जाहीर झाले. पण ते तिथे होते हे सिद्ध करण्यासाठी सापळा उघडून त्यांना भिंतीवर आदळू द्यावे लागते आणि त्या वेळी निघणाऱ्या पायॉनांचे माग सिलिकॉन शोधक नोंदवतो. लेझरने वर्णपटाचे मापन करतानाही, माझ्या वाचनानुसार, सापळ्यातून निसटून नष्ट झालेले अणूच मोजले जातात.

माझा प्रश्न असा आहे: 121.6 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरने हे अणू थंड करता येतात, म्हणजे ते फोटॉन शोषून पुन्हा बाहेर टाकतात. मग हेच विखुरलेले फोटॉन गोळा करून अणूची उपस्थिती का ओळखत नाहीत? अणूंची अल्प संख्या, अतिनील प्रकाश टिपणाऱ्या शोधकांची मर्यादा आणि लेझरचाच भिंतींवरून परतणारा प्रकाश, यांपैकी खरा अडसर कोणता? त्याचे ढोबळ गणित कसे मांडावे, हे कोणी पायरीपायरीने दाखवले तर फार मदत होईल.